दुआ झाली, इयादतीचं काय?

डिसेंबर 2022 चा पहिला आठवडा आठवून पाहा. कतारमध्ये वर्ल्डकप चालू होता आणि तिकडे साओ पावलोच्या रुग्णालयात पेले ॲडमिट होते. मोठ्या आतड्यातली गाठ आदल्या वर्षी सप्टेंबरात काढली होती, पण कॅन्सर काही हटला नव्हता. दक्षिण कोरियाला 4-1 ने हरवल्यावर ब्राझीलच्या खेळाडूंनी मैदानातच पेलेंच्या नावाचं बॅनर धरलं. इकडे कोल्हापुरात अर्ध्या गल्ल्यांवर ब्राझीलचे पिवळे झेंडे होते, अर्ध्यांवर अर्जेंटिनाचे. आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेलेंचा फोटो फिरत होता, खाली हात जोडलेले आणि ‘अल्लाह शिफा दे’. मीही तो तीन ग्रुपवर ढकलला.

त्यावर एकाने विचारलं, गैरमुस्लिमासाठी शिफाची दुआ मागणं जायज आहे का? झालं. दोन दिवस ग्रुपवर दुसरं काही नव्हतं. कुणी कुठल्या मौलानांची क्लिप टाकली, कुणी तिला उत्तर म्हणून दुसऱ्या मौलानांची. ज्यांना हदीसचं पुस्तक उघडायला सवड नसते त्यांना फतवा विचारायला मात्र भरपूर सवड असते. पैगंबर साहेबांची (स.) सेवा करणारा एक ज्यू मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी गेले आणि उशाशी बसले. बुखारीत हा प्रसंग आहे. ‘तिथे त्यांनी त्याला इस्लामची दावत दिली, ते का सांगत नाही?’ असं मला लगेच ऐकवलं जातं. दिली. पण आधी ते गेले.

माझं भांडण खरं तर त्या प्रश्न विचारणाऱ्याशी नाही. त्याचा वाद सोपा आहे, दोन मिनिटांत मिटतो. माझं भांडण आपल्यासारख्या भल्या लोकांशी आहे. आम्ही दुआ केली, फोटो पाठवला, डोळे पुसले आणि मॅच बघायला बसलो.

त्याच आठवड्यात हैदराबादमध्ये एक माणूस आजारी होता. मोहम्मद हबीब. पार्किन्सन होता आणि स्मृतिभ्रंशही. बरीच वर्षं. आमच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी एक ओळ आली नाही, कारण ग्रुपवरच्या दीडशे-पावणेदोनशे लोकांत ते नाव माहीत असलेले चार-पाच असतील. पेलेंवरून रडणाऱ्यांना हे सांगायला हवं की 24 सप्टेंबर 1977 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर हे दोघं समोरासमोर खेळलेत. पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून आले होते. समोर मोहन बागान. मॅच 2-2 सुटली. बागानच्या दोन गोलांपैकी एक श्याम थापाचा आणि दुसरा हबीब यांचा.

हैदराबादचा हा पोरगा 1966 मध्ये ईस्ट बंगालला गेला आणि मग कोलकात्याचाच होऊन गेला. ईस्ट बंगाल, मोहन बागान, मोहम्मडन स्पोर्टिंग, तिन्ही मोठ्या क्लबांतून खेळला. बंगाली लोक त्याला ‘बडे मियाँ’ म्हणायचे. 1970 च्या बँकॉक एशियाडमध्ये भारताला ब्राँझ मिळालं त्या टीममध्ये तो होता. कॅप्टन सय्यद नईमुद्दीन, तेही हैदराबादचेच. त्यानंतर आजपर्यंत एशियाडमध्ये फुटबॉलचं एकही पदक आपल्याला मिळालेलं नाही. 1977 मध्येच मोहन बागानने एका मोसमात आयएफए शील्ड, ड्युरंड आणि रोव्हर्स असे तीनही कप जिंकले, तेव्हा हबीब आणि त्यांचे धाकटे भाऊ अकबर दोघंही टीममध्ये होते. रोव्हर्स कप म्हणजे आपल्या मुंबईचा, कूपरेजवरचा. त्यांनी नोकऱ्या नाकारल्या असं सांगतात. त्या काळात चांगला खेळाडू बँकेत नाहीतर रेल्वेत चिकटायचा. हे म्हणाले, मी फुटबॉल खेळतो, तेच माझं काम. भारतातला पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्यांचं नाव घेतात ते यामुळे.

15 ऑगस्ट 2023 ला ते गेले. आणि संध्याकाळपर्यंत आमचा ग्रुप जागा झाला. ‘कौम का हीरा’, ‘मुस्लिम होते म्हणून विसरले’, ‘पाठ्यपुस्तकात का नाही?’ मीही उर्दू शाळेत मराठी शिकवतो, पाठ्यपुस्तकाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, त्या इथे अनेकदा लिहिल्यात. पण इथे ती तक्रार खोटी आहे. विसरलं कोण? ईडन गार्डन्सवर हबीब, हबीब ओरडणारी माणसं बहुतेक घोषबाबू आणि बॅनर्जीबाबू होती. त्यांच्या निधनानंतर कोलकात्याच्या मैदानावरच्या जुन्या माणसांनी जे आठवून आठवून सांगितलं, ते आपल्याकडे कुणी सांगू शकलं असतं का? माणूस अंथरुणाला खिळला होता तेव्हा आपल्याला तो ‘आपला’ वाटला नाही. जनाजा उठल्यावर मात्र आपला झाला. एकजण आजाऱ्याचा धर्म विचारून दुआ रोखून धरतो, दुसरा मेल्यावर त्याच धर्माचा झेंडा करतो. मला दोघांत फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही त्या माणसाच्या थरथरणाऱ्या हातांशी काही देणंघेणं नव्हतं.

2024 च्या ईदला ‘मैदान’ आला, अजय देवगणचा. सगळे सहकुटुंब बघून आले. सय्यद अब्दुल रहीम यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरने पोखरलेल्या शरीरानिशी 1962 मध्ये जकार्त्याला टीमकडून सोनं जिंकून घेतलं आणि 1963 च्या जूनमध्ये ते गेले, हे बहुतेकांना पहिल्यांदा कळलं. रहीम साहेब मुळात शाळामास्तर होते, हे मी स्टाफरूममध्ये जरा छाती फुगवून सांगतो. पण बघा, तिथेही साठ वर्षांनी, पडद्यावर, पॉपकॉर्नसोबत. त्याच सुवर्णपदक टीममधले युसूफ खान हैदराबादेत पार्किन्सनने आजारी होते आणि 2006 मध्ये वारले. तेव्हा मी बीएड करून नुकताच नोकरीला लागलो होतो, रोज पेपर वाचत होतो, फुटबॉलचं पान तर आधी. मला त्यांची बातमी वाचल्याचं आठवत नाही.

स्टाफरूममधला एक तरुण सहकारी माझ्यावर वैतागला. म्हणाला, ‘सर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत अपराध शोधता. पेले जगाचे होते. लांबच्या माणसासाठी कुणी मनापासून दुआ केली तर त्यात वाईट काय?’ वाईट काहीच नाही. दुआला मी नावं ठेवत नाही. पण आपल्याकडे दुआ आणि इयादत हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. इयादत म्हणजे उठून आजाऱ्याच्या दारात जाणं. एका मुसलमानाचे दुसऱ्यावर जे हक्क सांगितलेत त्यात ती आहे. हदीसमध्ये कयामतच्या दिवसाचा जो प्रश्न आलाय, तो ‘मी आजारी होतो, तू आला का नाहीस’ असा आहे. ‘माझ्यासाठी पोस्ट टाकलीस का’ असा नाही. हबीब साहेबांच्या घरात जाऊन गर्दी करायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण कोल्हापुरातून रात्री बस पकडली तर सकाळी हैदराबाद येतं, आणि पोस्टकार्ड तर त्याहून स्वस्त.

आणि चाहता म्हणून आणखी एक काम असतं, ते आपण अजिबात करत नाही. विचारायचं. हा माणूस आजारी का पडला?

इंग्लंडात जेफ ॲस्टल नावाचा वेस्ट ब्रॉमचा सेंटर फॉरवर्ड होता. 1968 च्या एफए कप फायनलमधला एकमेव गोल त्याचा. हेडरसाठी प्रसिद्ध. 2002 च्या जानेवारीत तो 59 व्या वर्षी वारला तेव्हा त्याला काहीही आठवत नव्हतं. मृत्यूची चौकशी झाली आणि कोरोनरने हा मृत्यू कामामुळे झालेल्या आजाराने झाला असं नोंदवलं. म्हणजे गिरणी कामगाराच्या फुफ्फुसात कापूस जातो तसं. वर्षानुवर्षं चेंडू डोक्याने मारून मेंदू झिजला. फुटबॉलच्या बड्या लोकांनी ते प्रकरण गुंडाळून ठेवलं. पण घरचे गप्प बसले नाहीत आणि त्यांच्यामागे वेस्ट ब्रॉमचे प्रेक्षक उभे राहिले. 2014 मध्ये मॅचच्या नवव्या मिनिटाला, ॲस्टलच्या शर्टाचा नंबर 9 म्हणून, अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवायचं आणि न्यायाचे बॅनर उघडायचं. हीसुद्धा चाहत्यांची प्रतिक्रियाच. पण तिच्यात मागणी होती. 2019 मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या 7,676 माजी खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर माणसांच्या साडेतीन पट निघालं. 2021 मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा धोका बचावफळीत सगळ्यात जास्त दिसला, गोलकीपरांत जवळजवळ नाहीच. 2020 च्या फेब्रुवारीत इंग्लंडने प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवणं बंद केलं.

हबीब साहेबांचा आजार हेडिंगमुळे झाला असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणायचा अधिकार नाही. पण भारतात हा प्रश्न विचारायला कुठल्या स्टेडियमने टाळ्या वाजवल्या?

आता घरचं सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांकडे बोट दाखवणं होईल.

आमच्या मागच्या गल्लीत एक चाचा राहतात. ऐंशीच्या दशकात पेठेच्या टीमकडून बॅकला खेळायचे. 1988-89 च्या सुमाराला अब्बांच्या खांद्यावर बसून मी त्यांना शाहू स्टेडियमवर पाहिलंय. कॉर्नर आला की चाचा उडायचे आणि चेंडू डोक्याने अर्ध्या मैदानापर्यंत धाडायचे. लोक शिट्ट्या मारायचे. पावसाळ्यात सरावाचा कातडी चेंडू भिजून धोंड्यासारखा व्हायचा, तरी तेच. पैसे शून्य. मॅच जिंकली की मिरवणूक, गुलाल, हार.

तीन-चार वर्षांपासून चाचा आजारी आहेत हे मला माहीत होतं. ‘माहीत होतं’ एवढंच. पेलेंचा फोटो पाठवला त्या दिवशीही ते दोनशे पावलांवर पडून होते. ‘मैदान’ बघून आल्यावर बायकोने विचारलं, ‘तुमच्या त्या चाचांना शेवटचं कधी भेटलात?’ उत्तर देता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो.

खाटेवर बसले होते. मांडीवर टॉवेल, त्याची कड एका हाताने सारखी दुमडत होते, उलगडत होते, पुन्हा दुमडत होते. मला ओळखलं नाही. अब्बांचं नाव सांगितलं, तेही ओळखलं नाही. मी शाहू स्टेडियम म्हटलं, वाटलं सिनेमात होतं तसं डोळे चमकतील. तसं काही झालं नाही. चाची म्हणाल्या, ‘नै सर, इनको कुछ बी याद नै रहता अब.’ डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलंय. मिरवणुकीतले लोक येतात का, असं मी विचारलं. चाचींनी चहा पुढे केला.

निघताना त्यांनी एक पिशवी आणून दिली. आत कागद होते, आधार, रेशनकार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. ‘सर, तुम पढ़े-लिखे हैं, ये फारम भर देंगे क्या?’ दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं म्हणे, पण ऑनलाइन भरून द्यायला कुणी मिळालं नव्हतं. 2016 च्या कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. चौदा महिने ती पिशवी कपाटात होती. या चौदा महिन्यांत पेठेत त्यांच्या नावाचं एक डिजिटल बोर्ड मात्र लागलं होतं, ‘आपल्या लाडक्या खेळाडूस उदंड आयुष्य लाभो’, खाली बावीस जणांचे फोटो. त्या बावीसातल्या निम्म्यांना तो अर्ज मोबाइलवर भरता आला असता.

मी भरला. अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं फोटोचा साइज कमी करण्यात गेली.

शाळेत आमच्या पीटीच्या सरांशीही बोललो. चौथी-पाचवीच्या पोरांकडून हेडिंगचा सराव करून घेऊ नका म्हटलं, इंग्लंडचं सांगितलं. ते हसले. ‘सर, मग पोरं गोल कसे मारणार?’ त्यांनी माझं ऐकलं की नाही ते पुढच्या सत्रात कळेल. मी पुन्हा विचारणार आहे.

चाचांच्या तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे, सकाळी दहाची. जिल्हा रुग्णालयाच्या जिन्यावरून त्यांना एकट्या माणसाने नेता येत नाही, रिक्षातही दुसऱ्या बाजूने धरून बसावं लागतं. काल ग्रुपवर लिहिलं की एक माणूस हवा आहे, अर्धा दिवस. आतापर्यंत सदतीस अंगठे आलेत, अकरा ‘आमीन’, आणि चाचांच्या जुन्या टीमचा एक फोटो, कुणीतरी शोधून टाकलेला. रात्री साडेअकराला त्या दुआ जायज आहे का विचारणाऱ्या पोराचा मेसेज आला: ‘सर, दहाला म्हणजे निघायचं किती वाजता?’