खुडणीच्या हंगामात

थंडी ओसरू लागली की बंगळूरच्या उत्तरेला, नंदीदुर्गाच्या पायथ्याशी, पांढऱ्या द्राक्षांची खुडणी सुरू होते. ती उन्हे चढण्याआधी उरकावी लागते. घड तापले की सोव्हिन्यों ब्लाँसारख्या वाणाचा सुगंध विरतो. वायनरीत घड दाबून रस लगेच सालींपासून वेगळा करतात आणि पोलादी टाक्यांत थंडाव्यातच आंबवतात. लाल वाइनला सालीचा रंग आणि तुरटपणा सावरून घेतो. पांढरीला तो आडोसा नाही. मळ्यातली चूक थेट पेल्यात उतरते.

या हंगामाच्या निमित्ताने कंवल ग्रोव्हर यांचे स्मरण उचित ठरेल. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातले वाइनतज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांना सोबत घेऊन त्यांनी अनेक वर्षे वाण पारखले आणि 1988 मध्ये इथे मळा उभा केला. सुमारे 3,000 फुटांची उंची आणि गार रात्री ही जमेची बाजू होती. पण आपल्याकडे वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही. त्यामुळे नाशिक-सांगलीप्रमाणेच इथेही उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळ्याअखेर फळछाटणी आली. पुढे मुलगा कपिल यांनी व्याप सांभाळला. नात करिष्मा कॅलिफोर्नियातील डेव्हिसला वाइनशास्त्र शिकून याच कामात आल्या. 2012 मध्ये नाशिकच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन 'ग्रोव्हर झम्पा' हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्राने यातून घ्यावे असे बरेच आहे. नारायणगावच्या शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन परदेशी बाजारात नेली. मात्र पुढे विस्ताराची घाई आणि 2008 ची मंदी एकत्र आली आणि तो डोलारा कोसळला. हुन्नर आपल्याकडे होताच, कमी पडला तो धीर.

सरकारांचेही तेच. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, तेव्हा शेतकरी केंद्रस्थानी होता. 2022 मध्ये सुपरमार्केटमधील विक्रीच्या निर्णयावर रण माजले आणि शेतकरी चर्चेतून बाहेर फेकला गेला. वाइन ही दारूच आहे, तिच्या विक्रीवर बंधने हवीतच; त्याबद्दल दुमत नको. पण वाइनचे वाण खायच्या द्राक्षांच्या बाजारात चालत नाहीत. एकदा लावलेला वेल पुढची कित्येक वर्षे शेतकऱ्याला बांधून ठेवतो आणि उत्पादन शुल्काचे नियम मात्र मध्येच फिरतात. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी छोट्या कौटुंबिक मळ्यांसाठी किमान दहा वर्षे न बदलणारे करधोरण जाहीर करावे.