घरखर्चाची वही : इंजिनाचं बिल

या सदरात आजवर मी फराळाच्या डब्यांचा, भारतवारीच्या तिकिटांचा, मुलांच्या ट्यूशनचा असे नाना हिशेब मांडले. यंदाचा हिशेब माझ्या वहीत कसा आला, हे सांगितल्याशिवाय पटायचं नाही. तो आहे मोटारीच्या इंजिनाचा, आणि नव्या मोटारीचाही नाही, ४६ वर्षांच्या म्हाताऱ्या गाडीचा!

आमच्या धाकट्या भाऊजींकडे १९७९ सालची फोर्ड एस्कॉर्ट आहे. ४० वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वर्गात नोंदलेली, म्हणून तिला युलेझचे रोजचे साडेबारा पौंड पडत नाहीत. या एका वाक्यावर भाऊजींनी ती गाडी आजवर घरात टिकवली. गेल्या हिवाळ्यात ॲपेक्स कॉर्नरच्या सर्कलवर तिने मागून निळा धूर सोडला. निळा धूर म्हणजे इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतंय. आता इंजिन उघडायला हवं होतं. आणि उघडायचंच आहे तर नुसतं दुरुस्त कशाला, चांगलं तगडं, रॅलीच्या गाडीसारखं बांधून घेऊ, असं भाऊजींच्या मनाने घेतलं.

हर्टफर्डशरमधल्या एका इंजिन बांधणाऱ्या माणसाकडून त्यांनी खर्चाचा अंदाज आणला. तो कागद आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, तुम्ही वहीवाल्या. तुम्हीच सांगा, हे जास्त आहे का?"

खाली आकडा होता ११,८८० पौंड. रुपयांत चौदा लाखांच्या घरात. माझी धाकटी जाऊ शेजारीच मटार सोलत होती. ती काही बोलली नाही, पण शेंगा जरा जोरात फुटू लागल्या.

मी मास्तरीण होते. पेपर तपासायचा तर एकूण गुण आधी बघायचे नाहीत, प्रश्नागणिक जायचं, ही जुनी सवय. म्हणून ओळीने वाचू लागले.

इंजिन खोलणे, रसायनात धुणे, तडे तपासणे : ४२० पौंड. सिलिंडर ९३ मिलिमीटरपर्यंत बोअर करून होनिंग, क्रँक ग्राइंडिंग : १,१५०. हेडचं काम, म्हणजे नवे व्हॉल्व्ह, गाइड, कठीण धातूच्या सीट, हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणे : १,७५०. फोर्ज केलेले पिस्टन, स्टीलचे कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, कॅमशाफ्ट, ऑइल पंप : २,६००. बॅलन्सिंग : २६०. जुळणी, ३२ तास, तासाला ६० पौंड : १,९२०. दोन नवे कार्ब्युरेटर : १,२००. डायनोवर चालवून ट्यूनिंग : ६००. बेरीज ९,९००, वर २० टक्के व्हॅट १,९८०.

बेरीज बरोबर होती. अर्थ मात्र अर्धाही कळला नव्हता. तो कळावा म्हणून मी भाऊजींना आठवडाभर छळलं आणि ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली.

हेडमध्ये कठीण सीट कशाला? तर या गाड्या शिशाच्या पेट्रोलवर वाढलेल्या. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचं. १९९९ अखेर इथे त्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली, तेव्हा ते संरक्षण आता धातूनेच द्यायचं.

बॅलन्सिंगला २६० पौंड कशाला? इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेतं तेव्हा क्रँक एका सेकंदात सुमारे ११७ वेळा फिरतो, आणि प्रत्येक पिस्टन त्या एका सेकंदात २३० हून अधिक वेळा थांबून उलटा फिरतो. शिवाय हा ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ५,५०० फेऱ्यांवरून ७,००० वर गेलं की वेग सव्वापटच वाढतो, रॉडवरचा ओढा मात्र साठ टक्क्यांहून जास्त. म्हणून चारही पिस्टन, चारही रॉड काट्यावर मोजून सारख्या वजनाचे करायचे.

होनिंगची गंमत तर मला फारच आवडली. ब्लॉकवर हेड कसून बसवलं की सिलिंडरचा गोलपणा किंचित बिघडतो. म्हणून चांगला कारागीर हेडच्या जागी जाड पोलादी पाटा तितकाच कसून बसवतो, आणि तशा ताणात सिलिंडर घासतो. म्हणजे पुढे संसार जसा करायचा आहे, तशाच स्थितीत आधी तपासून घ्यायचं. लग्नातही ही सोय असती तर!

हे वेड आपल्या भागाला नवं नाही, हेही मला या निमित्ताने कळलं. एजवेअरहून ३२ नंबरची बस पकडली की ती एजवेअर रोडने क्रिकलवूडला जाते. तिथे ऑक्सगेट लेनला डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा कारखाना होता. तिथल्या गाड्यांनी ल मान्सची २४ तासांची शर्यत १९२४ मध्ये आणि पुढे १९२७ ते १९३० सलग चार वर्षं जिंकली. आणि १९३१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, ती रोल्स-रॉइसने विकत घेतली. हे वाचून जावेने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा निकाल तिथेच लागावा.

भाऊजींकडे उत्तर तयार होतं. २२१ नंबरची बस एजवेअरहून फ्रायर्न बार्नेटला जाते. १९५८ मध्ये माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी कॉसवर्थ ही इंजिनांची कंपनी काढली. तिची सुरुवातीची काही वर्षं त्या फ्रायर्न बार्नेटमध्ये गेली, मग एडमंटन, मग १९६४ पासून नॉर्थॅम्प्टन. पुढे फोर्डने त्यांना एक लाख पौंड दिले. त्यातून निघालेलं डीएफव्ही इंजिन जून १९६७ मध्ये झान्डव्होर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कने जिंकवलं, आणि १९८३ पर्यंत त्या घराण्याच्या इंजिनांनी १५५ ग्रां प्री जिंकल्या. सुरुवातीला एक इंजिन साडेसात हजार पौंडांना मिळे. "म्हणजे बघा वहिनी, माझं काही फार नाही," भाऊजी म्हणाले. १९६८ चे साडेसात हजार आणि आजचे साडेसात हजार यांतला फरक मी त्यांना पाटीवर गणित मांडून दाखवला.

पण हिशेब अडला होता तो दुसरीकडेच. हे पैसे दोघांच्या बचतीतले. माझी जाऊ पुण्याची दंतवैद्य. इथे दात तपासायचे तर परदेशी दंतवैद्यांना ओआरई परीक्षा द्यावी लागते. दोन भाग, जागा थोड्या, फी भरमसाट. पाच वर्षं ती दुसऱ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करते आहे. पहिला भाग झाला, दुसऱ्याच्या तयारीचे आणि फीचे पैसे याच बचतीतून यायचे होते. हे तिने भाऊजींना सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांनी ऐकलं नव्हतं.

अशात जूनमध्ये बाबा आले, माझे सासरे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लहानशा वर्कशॉपमध्ये त्यांनी ३८ वर्षं बोअरचं आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम केलं. ट्रॅक्टर, ट्रक, शेतातली डिझेल इंजिनं, सगळी त्यांच्या हाताखालून गेली. भाऊजींनी तो कागद त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. चौदा लाख ऐकून बाबांना काय वाटेल, ही भीती. त्या वर्कशॉपमध्ये बाबांना महिन्याला काय मिळायचं, ते आम्हाला माहीत होतं.

कागद शेवटी मीच दाखवला. बाबांनी चष्मा लावला, एकेक ओळीवर बोट ठेवत वाचलं, दोनदा मला इंग्रजी विचारलं. मग म्हणाले, "महाग न्हाई. पन ह्याला लागतंय का एवढं, ते इचारलंय का कुनी?"

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे हर्टफर्डशरला गेलो. तो इंग्रज कारागीर बाबांच्याच वयाचा असेल. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांनी तिथल्या एका तयार ब्लॉकमध्ये बोट घातलं, होनिंगच्या तिरप्या रेघांवरून नख फिरवलं. याच बारीक रेघांत ऑइल धरून राहतं. मग त्यांनी हाताने खूण करून बोअर गेज मागितलं. वर, मध्ये, खाली, आडवं, उभं, सगळीकडे मोजलं. गेज परत देताना मान हलवली. त्या माणसानेही हलवली. मग अर्धा तास ते दोघं आम्हाला विसरले. पिस्टन आणि सिलिंडर यांत केसाच्या जाडीएवढं अंतर ठेवायचं, याबद्दल दोन माणसं हातवारे करून किती बोलू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

येताना गाडीत भाऊजी म्हणाले, "बाबा, जुळणीचे १,९२० वाचवता येतील. तुम्ही आहातच, आपण दोघं गॅरेजमध्ये जोडू. नाहीतर त्याला थोडं कमी करायला सांगू."

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आयुष्यभर लोक मला हेच म्हनत आले. सामानाचे पैशे दुकानदाराला पुरे द्यायचे, आन् मिस्त्रीला म्हनायचं, वळखीचा हाईस, कमी कर. हाताच्या पैशाला हात लावू नकोस."

गाडीत कोणी काही बोललं नाही. मला मात्र आठवलं, गेल्याच महिन्यात घरी शिवणकाम करणाऱ्या बाईंशी मी पाच पौंडांसाठी घासाघीस केली होती.

घरी येऊन बाबांनी लाल पेन घेतलं. "साडेसहा हजाराच्या वर फिरवनार हाईस का? शर्यत लावनार हाईस का?" भाऊजी नाही म्हणाले. मग नवे स्टीलचे रॉड गेले, ७२० वजा. जुनेच तपासून, नवे बोल्ट घालून घ्यायचे, १८० अधिक. दोन नवे कार्ब्युरेटर गेले, १,२०० वजा, जुना एकच चालेल. बेरीज ८,१६०, व्हॅटसह ९,७९२. ताकद १६५ ऐवजी १३० घोड्यांच्या आसपास. जुळणी, बॅलन्सिंग, होनिंग यांतल्या एका पैशालाही त्यांनी हात लावला नाही.

भाऊजी खट्टू झाले. तेव्हा त्यांचीच एक आवडती गोष्ट मी त्यांच्यावर उलटवली. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून सिडनीपर्यंतची मोटार मॅरेथॉन निघाली होती. ९८ गाड्या क्रिस्टल पॅलेसहून सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली असं करत ७२ मुंबईला पोहोचल्या, आणि तिथून चुसान बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईला पहिला होता रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कॉर्टिनात. ऑस्ट्रेलियात त्याच्या इंजिनाने दगा दिला. शेवटी जिंकला अँड्र्यू कॉवन, हिलमन हंटर नावाच्या अगदी साध्या, घरगुती गाडीत. "भाऊजी, बोटीवर चढताना कोण पुढे होतं, याला बक्षीस नव्हतं," मी म्हटलं.

ते हसले. पण हिशेब तेवढ्यावर मिटला नव्हता. जाऊ पहिल्यांदाच बोलली, आणि बाबांसमोर बोलली. "बाबा, माझेही हात पाच वर्षं रिकामे आहेत. ड्रिल धरायची सवय जाते. तुम्ही पाच वर्षं लेथला हात लावला नसता तर?"

बाबांनी भाऊजींकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत. पेन मात्र त्यांच्यापुढे सरकवलं. त्या रात्री माझ्या वहीत भाऊजींच्याच अक्षरात ओळ लिहिली गेली : आधी परीक्षा, मग इंजिन. फी भरली, क्लासचे पैसे बाजूला काढले. उरलेल्यात इंजिन बसत नव्हतं, म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं आणि भाऊजींनी आपला महागडा कॅमेरा विकला. तो कारागीर टप्प्याटप्प्याने पैसे घ्यायला लगेच तयार झाला. बाबांच्या गेज धरण्याचा त्यात काही भाग असावा, असं मला वाटतं.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. इंजिन ऑक्टोबरात सुरू झालं. भाऊजींनी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला, फोन बॉनेटपाशी धरला, आवाज ऐकवला. ताकद किती आली, हे ते मोठ्या उत्साहाने सांगू लागले. बाबांनी मध्येच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती दावतंय?"

भाऊजींनी आकडा सांगितला. बाबा म्हणाले, "मग झ्याक बांधलंय. त्या मानसाला माझा नमस्कार सांग."

जावेची परीक्षा येत्या वर्षी आहे. सध्या ती आमच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या दातांवर सराव करते, आणि भाऊजी शेजारी बसून मटार सोलतात. शिवणकामवाल्या बाईंचे पाच पौंड मी देऊन आले. तेही वहीत लिहिलं आहे.