बर्फाला नाव असतं

आजवर इथे जे लिहिलं ते पोस्टिंगबद्दल. सरकारने जिथे पाठवलं, तिथलं लिहिलं. आजचं ठिकाण पोस्टिंगचं नाही. वर्दी उतरवून मला सहा वर्षं झाली. पण तिथे जाऊन जे कळलं ते माझ्या एका जुन्या पोस्टिंगबद्दलच आहे, म्हणून इथेच लिहितो.

निवृत्तीनंतर मी मुंबईत एका हिरे व्यापाऱ्याकडे सुरक्षेचं काम बघतो. रशियाचे बहुतेक हिरे निघतात ते साखा प्रजासत्ताकात, म्हणजे ज्याला आपण याकुतिया म्हणतो तिथे. गेल्या मार्चमध्ये शेठना कामासाठी तिथली राजधानी याकुत्स्क गाठायची होती. म्हणाले, "सुभेदार, तुम्ही बर्फात राहिलेला माणूस. सोबत तुम्हीच चला." मीही छाती फुगवून हो म्हणालो. दोनदा लडाख, एकदा सिक्कीम; थंडी मला काय शिकवणार?

मॉस्कोहून पुढे साधारण साडेसहा तासांचं विमान. एवढं उडूनही देश तोच. घड्याळ मात्र मॉस्कोच्या सहा तास पुढे. या एका प्रजासत्ताकाचं क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या अख्ख्या भारताएवढं, सुमारे ३१ लाख चौरस किलोमीटर, आणि माणसं दहा लाखांच्या आसपास. आपल्याकडे एका बऱ्यापैकी शहरात मावतील एवढी. त्यातली तिसरा हिस्सा याकुत्स्कमध्येच राहतात, लेना नदीच्या डाव्या काठावर. नदी चार हजार किलोमीटरहून लांब, बैकल सरोवराजवळच्या डोंगरात निघून थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राला मिळते. रेल्वे येते ती समोरच्या काठापर्यंत. शहरापाशी नदीवर पूल उभा राहिलेला नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच रस्ता, आणि मधले काही आठवडे बर्फ धड ना गोठलेलं ना वितळलेलं, तेव्हा गाडीने नदी ओलांडण्याची सोयच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी बाहेर पडलो तर पारा उणे सत्तावीसवर. नाकातले केस टोचायला लागले. ही जुनी ओळख. नवं होतं ते शहर. मोठमोठ्या इमारती खांबांवर उभ्या, खालून वारा आरपार जातो. कारण खालची जमीन शेकडो मीटर खोल कायमची गोठलेली. इमारत जमिनीला टेकवली तर घरातल्या उबेने तीच जमीन वितळते आणि घर खचतं. पाण्याचे आणि घरं तापवणारे पाइपही जमिनीवरून, रस्ता आला की कमान करून वरून जातात. शेर्गिन नावाच्या एका व्यापाऱ्याने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. नऊ वर्षांत ११६ मीटर खाली गेला, तरी गोठलेली मातीच. विहिरीला पाणी लागलं नाही, पण जमीन किती खोल गोठलेली असते हे त्यामुळे जगाला कळलं.

बाजारात मासे काठ्यांसारखे उभे करून विकायला ठेवलेले. फ्रिजची गरज नाही, अख्खं गावच फ्रिज. तो कच्चा गोठलेला मासा सुरीने पातळ किसून मीठमिरी लावून खातात. मी खाल्ला. दोन घास शिष्टाचारापोटी, पुढचे आवडला म्हणून.

शहराचे दोन चेहरे पहिल्या दिवसापासून दिसतात. एक रशियन: लेनिनचा पुतळा, चर्चचे घुमट, लाकडी नक्षीच्या खिडक्यांची जुनी घरं. दुसरा साखा लोकांचा. मूळ दक्षिणेकडून आलेले, तुर्की कुळातली भाषा बोलणारे, घोडे आणि गुरं पाळणारे लोक. त्यांचे घोडे उणे पन्नासातही उघड्यावर राहतात, खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खातात. सरकारी इमारतीसमोरही घोडा बांधायचा कोरीव खांब दिसतो, त्याला सेर्गे म्हणतात. दुकानांच्या पाट्या दोन्ही भाषांत. याकूत हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, ते स्वतःला साखा म्हणवतात.

हे दोन चेहरे एकत्र कसे आले, ती गोष्ट मात्र आम्हा फौजी लोकांना ओळखीची आहे. १६३२ साली प्योत्र बेकेतोव नावाचा अधिकारी कोसॅक शिपाई घेऊन लेनावर आला आणि त्याने लाकडी गढी बांधली. पुढे दहा वर्षांनी ती गढी आजच्या जागी हलवली. तिथून शिपाई गावोगाव जात आणि झारसाठी कर म्हणून कातडी गोळा करत. गढी आधी, ओळख नंतर. ज्याला दूरच्या टोकावर पाठवतात, तो आधी भिंत बांधतो. मी बेकेतोवला नावं ठेवत नाही. मीही तेच केलंय. नव्या चौकीवर गेलो की पहिलं काम बंकरची भिंत, दुसरं बुखारी, तिसरं घरी परत जायला किती दिवस उरले त्याची भिंतीवर रेघोटी.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिकडे येतो.

चौथ्या दिवशी शेठना पलीकडच्या काठावर जायचं होतं. ड्रायव्हर साखा आजोबा, वय पासष्टच्या पुढे. सोबत दुभाषी मुलगी, तीही साखा, मॉस्कोत हिंदी शिकलेली. काठावर आजोबांनी गाडी थांबवली, डब्यातल्या छोट्या धिरड्याचा तुकडा मोडून बर्फावर ठेवला. मुलगी म्हणाली, नदीला दिल्याशिवाय ते ओलांडत नाहीत. आपल्याकडे कोकणात समुद्राला नारळ देतात ना, तसंच. मग त्यांनी आम्हाला सीटबेल्ट काढायला लावले. बर्फावर गाडी चालवताना बेल्ट लावायचा नाही. बर्फ फुटलं तर बाहेर पडता आलं पाहिजे.

नदी ओलांडून पलीकडच्या काठाने जात होतो. एके ठिकाणी छोटा ओढा नदीला मिळतो, तिथे समोर पांढराशुभ्र सपाट बर्फ. माझ्या डोळ्यांना सगळ्यात सोपी वाट तीच. आजोबांनी ब्रेक मारला, बोट दाखवून म्हणाले, "तारिन." आणि लांबचा वळसा घेतला.

मी विचारलं, तारिन म्हणजे काय? मुलीने समजावलं. ओढा गोठत जातो, आतल्या पाण्याला वाट उरत नाही. मग ते बर्फ फोडून वर येतं आणि पसरतं. त्यावर भुसभुशीत बर्फ पडलं की ते पांघरुणासारखं काम करतं, खालचं पाणी कडक थंडीतही लगेच गोठत नाही. वरून कोरडं दिसतं, पाय टाकला की घोट्यापर्यंत पाण्यात. या सगळ्याला साखा भाषेत एक शब्द आहे, तारिन. भूगर्भशास्त्रज्ञांनीही तो उचलला. जमिनीखालचं बर्फ वितळून खचलेल्या कुरणाला साखा लोक आलास म्हणतात, तो शब्द आज जगभरच्या पुस्तकांत तसाच वापरतात. शास्त्र नंतर आलं, नाव आधीपासून होतं.

मंडळी, मी गाडीत गप्प झालो. शेठना वाटलं मला थंडी वाजली.

२००९ चा जानेवारी. पूर्व लडाखमधला एक नाला. मी तेव्हा नायब सुभेदार, आठ जणांची गस्त घेऊन चाललो होतो. सोबत एक लडाखी पोर्टर. अंधार पडायच्या आत पोचायचं होतं आणि आम्हाला उशीर झाला होता. नाला ओलांडायच्या जागी पोर्टरने माझी बाही धरली, समोरच्या बर्फाकडे बघून एक शब्द बोलला. मग पुन्हा तोच शब्द. मला लडाखी येत होती ती एवढीच: जुले. त्या पोस्टिंगच्या दीड वर्षाची कमाई ती. मला वाटलं हा दमलाय, थांबायला बघतोय. मी म्हणालो, "चलो, चलो."

तिसऱ्या नंबरवरचा पोरगा सातारा जिल्ह्यातला, बावीस वर्षांचा. बर्फाखाली त्याचा डावा पाय पाण्यात गेला, बूट भरला. चौकी तीन तास लांब. वाटेत मोजे बदलले, जे करायचं ते सगळं केलं. हिमदंशात दोन बोटं गेली. मेडिकल कॅटेगरी खाली आली, पुढे तो लवकर घरी गेला. अहवालात मी लिहिलं, "हवामान प्रतिकूल होते." खाली सही माझी.

हवामान नेहमीसारखंच होतं. प्रतिकूल होतं ते माझं कान न देणं. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली आणि त्यासाठी याकुत्स्कला जावं लागलं.

याकुत्स्कमध्येच मला आणखी एका पाठवलेल्या माणसाची गोष्ट ऐकायला मिळाली. एदुआर्द पेकार्स्की, पोलिश वंशाचा, झारविरोधी कारवायांसाठी शिक्षा होऊन १८८१ साली या भागात हद्दपार झालेला. त्याला तिथे राहायची हौस नव्हती. पण शेजाऱ्यांशी बोलता यावं म्हणून शब्द टिपून ठेवायला लागला आणि टिपतच राहिला. त्याचा साखा भाषेचा शब्दकोश १९०७ ते १९३० या काळात भागाभागाने छापला गेला. सुमारे पंचवीस हजार शब्द. बेकेतोवही पाठवलेला, पेकार्स्कीही पाठवलेला. एकाने गढी बांधली, दुसऱ्याने शब्दकोश. गढी कधीच गेली, आता आहे ती नव्याने बांधलेली नक्कल. शब्दकोश आजही उघडून बघतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीचा १८३१ चा मोठा शब्दकोश केला तो मोल्सवर्थने, आणि तो कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी होता. राज्य करायलाही भाषा लागते, हे मला कळतं. त्यात सगळं प्रेमच होतं असं मी म्हणत नाही. पण परक्या राज्याच्या शिपायाला जे जमलं, ते आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या राखणीला गेलेल्या आम्हाला का जमू नये?

याला उत्तरं तयार असतात, मीच ती वर्षानुवर्षं दिली आहेत. दोन-तीन वर्षांत बदली होते. आज लडाख, उद्या नागालँड, परवा राजस्थान. किती भाषा शिकायच्या? हिंदीत भागतं. फौजेत भाषांचे कोर्सही आहेत. सगळं खरं. कोर्स मोजक्यांना मिळतात आणि नाला ओलांडतो तो साधा जवान. हिंदीत भागतं ते चहा-साखरेपुरतं. घाईच्या आणि भीतीच्या क्षणी माणूस स्वतःच्या भाषेत ओरडतो. त्या पोर्टरनेही तेच केलं.

माझं म्हणणं अख्खी भाषा शिका असं नाही. चौकीचा चार्ज देताना आपण दारूगोळा मोजून देतो, रेशन, रॉकेल, ब्लँकेटं, बुखारीच्या नळ्यासुद्धा लिहून देतो. त्याच हँडिंग-टेकिंगमध्ये एक वही द्यावी. त्या भागातले पन्नास शब्द, देवनागरीत. कच्चं बर्फ, पक्कं बर्फ, बर्फाखालचं पाणी, दरड, वाट, थांब, मागे फिर. आलेल्या पलटणीने त्यात दहा शब्द घालावे आणि पुढच्याला द्यावी. खर्च एका वहीचा. आणि गस्तीवर निघण्याआधी पोर्टरला विचारावं, आज काय दिसतंय? सामान वाहतो म्हणून तो हमाल नाही, त्या डोंगराचा जाणकार तोच आहे.

याकुत्स्कचं मी गोड चित्रही रंगवत नाही. तिथेही भाषा आपोआप टिकलेली नाही. साखांची महाकाव्यं लिहून काढणारा लेखक प्लातोन ओयुन्स्की १९३९ साली तुरुंगात मेला. दुभाषी मुलगी सांगत होती, तिची आजी सगळं साखातून बोलायची, ती स्वतः घरात साखा आणि बाहेर रशियन, आणि भाच्याला रशियनच सोपी जाते. मी विचारलं, तारिन त्याला माहीत आहे का? ती जरा थांबली. म्हणाली, "आजोबांच्या गाडीत बसला तर कळेल."

आपण अशा जागांना सहज दुर्गम म्हणून टाकतो. दुर्गम म्हणजे कुठून? दिल्लीहून, मॉस्कोहून. त्या आजोबांना मुंबई दुर्गम आहे. ते त्यांच्या जगाच्या मध्यावर बसलेत आणि तिथल्या प्रत्येक फसव्या जागेचं नाव त्यांना पाठ आहे.

परत आल्यावर मी साताऱ्याच्या त्या पोराला फोन केला. आता पोरगा कुठला, त्याची मुलगी दहावीला आहे, गावात किराणा दुकान चालवतो. तारिनची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, त्या दिवशी चूक माझी होती. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "साहेब, तो काय बोलतोय ते मला कळलं होतं. मी पोर्टर लोकांबरोबर जेवायचो ना. थोडं थोडं यायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही 'चलो' म्हणाला होता, साहेब."

म्हणून वहीत अजून एक गोष्ट पाहिजे. ती भरायचा हक्क सगळ्यात ज्युनिअर जवानाला असावा, आणि तो बोलला की सुभेदाराने थांबावं.