खळे दुसऱ्याचे, भात आपले



वडखळ नाका म्हणजे आपल्या भागाचा बारमाही बाजार. मुंबईहून आलेली गाडी इथून अलिबागकडे वळायची, नाही तर नागोठण्याकडे सरळ जायची, पण जाता-येता थांबायची. पांढऱ्या कांद्याच्या माळा, वालाच्या शेंगा, सुकट, सोडे, पेणचे पोहे-पापड असा माल इथे गिऱ्हाइकाच्या काचेसमोर मांडला जायचा. गिऱ्हाईक शोधायला कोणाला गाव सोडावे लागले नाही. रस्ताच ते आणून देत होता.

आता रस्त्याने कूस बदलली आहे. महामार्गाला वडखळचा बायपास झाला आणि गोव्याकडची गाडी नाका बाजूला टाकून जाऊ लागली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून अलिबागला जाणारे काही जण गाडीसकट समुद्रातून जातात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली खरी, पण जवळून येणारा माणूस वाटेत थांबतोच असे नाही. मग घरातला पोरगा म्हणतो, "बाबा, इन्स्टाग्रामवर टाकू, फेसबुकवर टाकू." पोराचे म्हणणे टाकाऊ नाही. मात्र माल कुठे मांडायचा हे पोराच्या हौसेवर सोडू नका, ते धंद्याच्या हिशेबाने ठरवा, एवढेच आज सांगायचे आहे.

सगळीकडे असावे, असा सल्ला शहरातले लोक देतात. तो त्यांना परवडतो, त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. आपल्याकडे एकच बैलजोडी आहे आणि मृगाचे दिवस मोजके आहेत. पाच शेतांत एकेक तास मारून निघणारा कुठलेच शेत धड नांगरत नाही. एक जागा पक्की धरावी, फार तर दोन. ती धरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझे गिऱ्हाईक कोण? ते माल बघून घेते, ओळखीवर घेते की शोधत येते? आणि ती जागा उद्या बंद झाली, तर माझ्या हातात काय उरेल?

आता एकेक माल घेऊन बघा. कांदा, वाल, पोहे, सुकट ही ओळखीची खरेदी आहे. एकदा घेतलेला माल चांगला निघाला की माणूस पुन्हा मागतो. त्याला रोज चित्रफीत दाखवायची गरज नाही, हंगामाला एक निरोप पुरतो. इथे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस बरे. हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये भारतात आले. ते फुकट आहे आणि त्यात मालाची यादी फोटो व दरासह लावता येते. मात्र एक मेख ध्यानात घ्या. एका प्रसारण यादीत २५६ माणसेच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. म्हणून गिऱ्हाईक समोर उभे असतानाच त्याला नंबर जतन करायला सांगा, आणि निरोप पाठवला तर चालेल का, हेही विचारा. समजा, एका हंगामात अशी दीडशे घरे जोडली आणि प्रत्येकाने दोन माळा मागवल्या, तर तीनशे माळांची मागणी रस्त्यावर न बसता झाली.

गणपतीच्या मूर्तीचे तसे नाही. ती डोळ्यांची खरेदी आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखानदारांनी इन्स्टाग्राम किंवा फेसबुक धरले तर ते योग्यच. डोळ्यांची आखणी करतानाचा हात दिसला की मूर्तीची किंमत सांगायला शब्द लागत नाहीत. पण वेळ चुकवू नका. परदेशी जाणारी मूर्ती महिनोन् महिने आधी बोटीने निघते. श्रावणात टाकलेला फोटो तिथल्या मंडळाच्या काय कामाचा? त्यांच्यासाठीची जाहिरात थंडीतच व्हायला हवी.

नाक्यावरच्या खानावळीला आणि दुकानाला आणखी वेगळे साधन लागते. तिथले गिऱ्हाईक शोधत येते, गाडीत बसून फोनला विचारते की जवळ जेवण कुठे मिळेल. अशा धंद्याने सर्वांत आधी गुगलच्या नकाशावर आपली जागा, फोन आणि उघडण्याची वेळ नीट नोंदवावी. बायपासने गाव बाजूला टाकले असले, तरी नकाशा बाजूला टाकत नाही.

मग ब्लॉग आणि यूट्यूब कशाला? जे सांगणे दहा वर्षे टिकणार आहे, त्याला. कडवे वाल मोड आणून सोलायचे कसे, पोपटीला मडके कसे लावायचे, भांबुर्ड्याचा पाला कुठल्या थरात घालायचा, हे एकदा नीट लिहिले किंवा दाखवले की पुढची कैक वर्षे कोणी ना कोणी शोधत येते. फेसबुकवरचा मजकूर चार दिवसांत खाली जातो, हा वर्षानुवर्षे सापडतो. अट एकच, शेवटी आपले नाव, गाव आणि फोन असावा.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या जागा फुकट दिसतात, पण त्या आपल्या नाहीत. आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज नसावी. १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, तो कशापायी? घाम कुळाचा, पण जमिनीवर हक्क खोताचा, म्हणूनच ना? मोबाइलवरचे दुकानही तसेच आहे. मेहनत तुमची, सातबारा दुसऱ्याचा. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यातल्या पोरांनी जमवलेले लाखो प्रेक्षक एका रात्रीत गेले. दुकानाच्या नोंदीवरून गुगल जी छोटी संकेतस्थळे फुकट बनवून देत असे, तीही मार्च २०२४ मध्ये बंद केली. कोणी कुळाला विचारले नाही.

म्हणून खळे दुसऱ्याचे वापरा, पण भात घरी आणा. हे भात म्हणजे गिऱ्हाइकांची यादी. साधी दोनशे पानी वही घ्या. नाव, गाव, फोन, काय नेले, कधी नेले, एवढे लिहा. ती वही कोणी बंद करू शकत नाही. ती जपून ठेवा आणि दुसऱ्याला विकू नका, कारण त्यात लोकांनी विश्वासाने दिलेले नंबर आहेत.

आणखी एक, जरा कडू वाटेल. रस्त्यावर तोंडाने बोललेले वाऱ्यावर जाते, मोबाइलवर लिहिलेले राहते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडचा पांढरा कांदा त्या नावाने टाकाल, तर तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच लिहून ठेवलात असे होईल, आणि खऱ्या कांदेवाल्याच्या पोटावर पाय येईल. आपल्या शेतातला माल आपल्या गावाच्या नावाने विका. त्यात कमीपणा नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. ग्रामपंचायतीचे पान काढून पहिल्या आठवड्यात उद्घाटनाचे फोटो टाकायचे आणि पुढे त्यावर गवत उगवू द्यायचे, असे करू नका. त्यापेक्षा गावातल्या बचत गटांना दोन गोष्टी शिकवा. एक, धंद्याचे खाते आणि नंबर गटाचा असावा, गटाच्या अध्यक्षबाईंच्या भाच्याचा नसावा. भाचा नोकरीला पुण्याला गेला की दुकान त्याच्या खिशातून जाते. खात्याचा पासवर्ड दोघींना माहीत असावा, तसा ठराव गटाच्या वहीत लिहावा आणि नंबरचा रिचार्ज चुकू देऊ नये. बराच काळ बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. दोन, पैसे घ्यायला पिन लागत नाही. "मोठी ऑर्डर देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हणाले की फोन ठेवावा. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर तक्रार करावी.

कोणी म्हणेल, शेतात राबायचे की मोबाइल बघत बसायचे? रोज अर्धा तास पुरे. तेवढा वेळ तर आपण रस्त्याकडे बघत रिकामे बसतोच. या हंगामात पहिली माळ टांगाल त्याच दिवशी वही उघडा. पहिले नाव लिहा आणि मगच पोराला विचारा, बाबा रे, आता हे कुठे टाकायचे?