आजीचा ‘ल’

गेल्या महिन्यात येथे बदनापुरात शेजारची एक चिमुरडी वही घेऊन आमच्याकडे आली. आजीने गिरवून घेतलेला दोन पाकळ्यांचा ‘ल’ तिने काढला होता व त्यावर तांबडी फुली पडली होती. कारण छापील पाठात ‘ल’ उभ्या दंडाचा होता. ‘‘आजोबा, आजीचे अक्षर चुकीचे का हो?’’ असे तिने विचारले.

वस्तुतः आजीचेच अक्षर नियमाचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची अक्षररूपे प्रमाण ठरविली. त्यांत पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ मराठीस नेमून दिला. दंडाचा ‘ल’ हिंदीत शुद्धच आहे. मग घोटाळा कोठे झाला? संगणकाच्या युनिकोड संकेतात हिंदी व मराठी ‘ल’चा क्रमांक एकच असतो, रूप कोणते उमटावे हे टंकावर अवलंबून. काही टंकांत दोन्ही रूपे असतात, परंतु मजकूर मराठी असल्याची खूण केली नाही, तर बहुधा हिंदी वळणच उमटते. टंककार, टंकलेखक, मुद्रक व शिक्षक या चौघांनी आपापले काम नेकीने केले, तरी अक्षर बिघडले. कारण चौघांस जोडणारा कोणी नव्हता.

केवळ हुकमानेही हे साधत नाही. १९५३ साली लखनौच्या लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरविले. यंत्रास ते सोयीचे, पण वाचकांस रुचेना. अखेर तो बदल सोडून द्यावा लागला.

या बाबतीत आपल्या पूर्वसूरींचा मार्ग अनुकरणीय आहे. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके रचली. म्हणजे सांगितलेले, सांगावयाचे राहिलेले व सदोष सांगितलेले यांचा विचार केला. पुढे पतंजलीने भाष्य लिहिले. सूत्रे पूज्य मानूनही तपासली, म्हणूनच ती टिकली. शासनाने २०२२ साली काढलेला सुधारित निर्णय हे असेच वार्तिक होय. परंतु ते शाळेपर्यंत पोहोचविणारा आणि शाळेची अडचण परत वर नेणारा असा नियमाचा पालक हवा.

आम्ही निर्णयाची प्रत घेऊन त्या गुरुजींस भेटलो. त्यांनी ती शांतपणे वाचली व म्हणाले, ‘‘हे आम्हांस कोणी सांगितलेच नव्हते.’’ फुली त्यांनी स्वहस्ते खोडली. असो. वाचकांनी आपल्या घरच्या वह्या एकदा अवश्य पाहाव्यात.