मुलांचें गणित : रोमन अंक
मुंबईच्या ‘गेटवे ऑफ इंडिया’वरील लेखांत बादशहा पंचम जॉर्ज यांच्या आगमनाचें साल एम-सी-एम-एक्स-आय असें कोरलेलें आहे. एम म्हणजे १०००, सी १००, एक्स १० व आय १. येवढ्यावर मुलें सरळ बेरीज करितात आणि २१११ सांगून मोकळीं होतात! परंतु मोठ्या अक्षराच्या डावीकडे लहान अक्षर आलें, तर तें वजा करावयाचें असतें. म्हणून सी-एम म्हणजे ९००, व साल १९११. ही वजाबाकी वाटेल तशी मात्र चालत नाहीं. आय फक्त व्ही (५) व एक्स यांतूनच वजा होतो. सबब ९९ हे आय-सी नव्हे, एक्स-सी-आय-एक्स. घड्याळाच्या तबकडीवर चाराच्या जागीं पुष्कळदां चार आय दिसतात, ती घड्याळें करणारांची जुनी वहिवाट समजावी. आतां एल म्हणजे ५० येवढें सांगून मुलांकडून १९४४ लिहवून घ्यावें : एम, सी-एम, एक्स-एल, आय-व्ही.