जंतूंचे पंचांग आणि पाच वर्षांचे विद्यावेतन

१८९६ च्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले तेव्हा शहरात प्लेगने थैमान घातले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. मुंबईकराने अभिमानाने सांगावी अशीच ही कथा आहे. तथापि तिच्यामुळे रोगजंतूंवरील संशोधन म्हणजे तीन महिन्यांत गाजवायचा पराक्रम, असा एक समजही रूढ झाला आहे. बोरिवलीहून वा मुलुंडहून रोज लोकलने प्रयोगशाळा गाठणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीस घरीदारी ‘अजून किती वर्षे?’ असे विचारले जाते, त्याचे मूळ या समजुतीत आहे.

वस्तुतः हा हिशेब जंतूच्या हाती असतो. आपल्या आतड्यातील सामान्य जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूस त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. घन माध्यमावर त्याची वाढ डोळ्यांस दिसू लागेपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात. तोवर एखादी बुरशी आत शिरली, की सारे पहिल्यापासून! वर्षाकाठी असे प्रयोग किती होणार, याचा हिशेब कोणत्याही कारकुनास करता येईल. शिवाय हे काम कडक सुरक्षेच्या बंदिस्त प्रयोगशाळेतच करावे लागते, आणि तेथे पाळीची वाट पाहावी लागते ती वेगळीच.

हे काम अन्यांवर सोपवून चालेल काय? जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०१२ च्या आरंभी मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातून, तपासलेल्या एकाही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे वृत्त आले. शासनाने त्या रोगाच्या नावास हरकत घेतली; रुग्णांस नावाचे काय? बाजारपेठेचा अनुभव तर बोलका आहे. रिफाम्पिसिन १९६० च्या दशकातले. त्यानंतर क्षयासाठी सर्वस्वी नव्या पद्धतीने काम करणारे बेडाक्विलिन अमेरिकेत मान्य झाले ते २०१२ च्या अखेरीस. ज्या रोगाचे रुग्ण बहुतांशी गरीब, त्यावर भांडवल घालण्याची घाई कोणास असणार?

अर्थशास्त्रात ज्यास बाह्य लाभ म्हणतात त्याचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. संशोधनाचे फळ घाटकोपरच्या चाळीपासून आफ्रिकेतील खेड्यापर्यंत कोणासही मिळेल. किंमत मात्र एकच कुटुंब मोजते. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. झालेली मुलगी अठ्ठाविशी ओलांडेपर्यंत स्थिर पगार सोडून देते. हा तिचा संधी-खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकांचे विद्यावेतन ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये केले, हे उचितच झाले. परंतु ते बहुधा पाच वर्षांपुरते, आणि पुष्कळदा महिनेन् महिने थकलेले असते. घराचा हप्ता मात्र थकत नाही. ज्यांच्या घरी दुसरी मिळकत आहे त्यांनीच संशोधन करावे, अशी ही अलिखित अट झाली. गुणवत्तेची चाळणी प्रवेशपरीक्षेत लागते असे आपण समजतो. खरी चाळणी थकलेल्या हप्त्यांची आहे.

पाच वर्षांची मर्यादा इतिहासाच्या वा अर्थशास्त्राच्या प्रबंधास (माझ्या विषयाच्या मंडळींनी रागावू नये) पुरेशी असेल. संथ वाढणाऱ्या जंतूंवर काम करणाऱ्यांस, मार्गदर्शक व तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून, सहावे वर्ष सवेतन मिळावे. आणि विद्यावेतन शिक्षकांच्या पगाराप्रमाणे ठरल्या तारखेस, त्याच कोषागारी शिस्तीने जमा व्हावे. संशोधकांची संख्या पाहता यासाठी लागणारी रक्कम एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल.